झालं का होऊन राह्यलं?

"चहा होऊन राह्यला, साहेब," असं कुणी म्हटलं की खुर्चीतून अर्धवट उठलेले जमील साहेब पुन्हा खाली बसत. "झाला" ऐकलं तरच उठत. आमच्या अमरावतीच्या वीज ऑफिसात चहावाल्यापासून वरून आलेल्या मोठ्या साहेबांपर्यंत यातून कुणाचीच सुटका नव्हती. कुणी काहीही सांगू लागलं की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "झालं का होऊन राह्यलं?" एकदा आमचे एक लिपिक मुलीचं लग्न जमलं म्हणून पेढे घेऊन आले. साहेबांनी त्यांनाही तेच विचारलं. नाही म्हटलं तरी याद्या व्हायच्या होत्या, मुलाचे काका अजून हो-नाही करत होते. बिचारे डबा हातात धरून म्हणाले, "तसं होऊनच राह्यलं, साहेब." साहेबांनी पेढा मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा परत डब्यात ठेवला. "हा झाल्यावर देजो." लग्न झालं, आणि साहेबांनी खरोखरच तो अर्धा पेढा मागून घेतला.

मी मूळची कऱ्हाडची. कनिष्ठ अभियंता म्हणून पहिलीच नेमणूक अमरावतीच्या ग्रामीण भागात झाली, तेव्हा आमच्या घरात मला जणू सीमेवर पाठवत असल्यासारखी रडारड झाली होती. मे महिन्यात, डोक्याला ओढणी गुंडाळून, घामाने निथळत मी उपविभागाच्या ऑफिसात पोचले. समोर उंच, सडपातळ, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बसले होते. तेच उपविभागाचे प्रमुख, जमील साहेब. त्यांनी माझा कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "रुजू झाली का होऊन राह्यली?"

मला त्यातलं फक्त 'राह्यली' कळलं. मी म्हणाले, "नाही सर, राहायचं अजून कुठे ठरलं नाही."

सगळं ऑफिस हसलं. त्याच आठवड्यात रुजू झालेला, धामणगाव रेल्वे या गावचा, सुधीर नावाचा माझ्याच वयाचा अभियंता तर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. साहेब हसले नाहीत. "राहाचं पाहू बेटा," ते म्हणाले. "पहिले पानी पे." मी पाणी प्यायले आणि त्या दिवशी मनातल्या मनात ठरवलं की सहा महिन्यांत बदली करून घ्यायची. माणसं तोंडावर बोलतात, वर उन्हाचा तवा, आणि मराठीच कळत नाही, तिथे राहायचं कशाला?

सुधीरला साहेबांचं सगळं कळायचं, कारण भाषा एकच. मला तो दुभाष्यासारखा होता. आमच्याकडे 'मी करतोय' म्हणतात तिथे हे लोक 'करून राह्यलो' म्हणतात, एवढं त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. कानाला मात्र ते पटायला बराच काळ जावा लागला.

साहेबांची शिकवण्याची रीत म्हणाल तर ती शिकवण्यासारखी मुळीच वाटत नसे. एकदा भातकुलीकडचे पन्नासेक लोक ऑफिसात घुसले. विहिरीवरची वीज चार दिवस नव्हती, कपाशी वाळत होती, आणि माणसं चिडायला पूर्ण हक्काने चिडलेली होती. मी साहेबांच्या केबिनकडे धावले. ते उठले, आणि मला वाटलं, सुटले! तर ते दारात येऊन माझ्या पाठीशी उभे राहिले. "बोल," म्हणाले. "मी मांगं उभा आहो."

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण मध्येच वळून पाहिलं तर साहेब छताच्या पंख्याकडे बघत होते. पुन्हा पाहिलं, तर चष्मा पुसत होते. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांनाच थेट हाक मारली, "साहेब, तुमी सांगा!" तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "बाई सांगून राह्यल्या ना. त्याहीले विचार." मला त्यांचा असा राग आला की त्या रागातच मी लोकांना संध्याकाळपर्यंत वीज देण्याचा शब्द दिला, आणि तो पाळलाही. लोक गेल्यावर साहेबांनी गिला वडा मागवला. दह्यात भिजलेला तो वडा माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "काहून रागावली? मी पुढं आलो असतो तं लोकं उद्याबी माह्याच दारात आले असते. तुले कोनी ओळखलंच नसतं."

"पण माझं चुकलं असतं तर, सर?"

"मंग मी होतो ना मांगं. मांगं उभं राहाचं ते त्याच्याचसाठी असते. पाहाले नाही."

आणि मग तो पावसाळ्यातला दिवस. एका शेतातून जाणाऱ्या अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर झाडाची फांदी पडली होती. मी, लाईनमन गजाननभाऊ, आणि सहज आल्यासारखे आलेले साहेब, असे आम्ही काळ्या मातीत बूट रुतवत खांबापाशी उभे होतो. बुटांना चिखलाचे एवढे गोळे लागले होते की पाय उचलताना कंबर उचलावी लागत होती. अशा कामात रीत अशी असते की उपकेंद्रातला माणूस आधी त्या लाईनची वीज बंद करतो, तसं फोनवर सांगतो, मग तार जमिनीला जोडून खात्री करायची आणि मगच माणूस वर चढवायचा. मी उपकेंद्राला फोन लावला. "फीडर बंद केलं का?"

पलीकडून खणखणीत उत्तर आलं, "बंद करून राह्यलो, मॅडम!"

माझ्या कऱ्हाडी कानाने ते आपल्या पद्धतीने ऐकलं. बंद करून राहिलाय, म्हणजे बंद करून बसलाय. काम झालेलं आहे, तो आता नुसता थांबलाय. मी फोन कानाला तसाच ठेवून गजाननभाऊंना म्हणाले, "बंद आहे. घ्या." गजाननभाऊंनी खांबाकडे पाऊल टाकलं. पाऊस पुन्हा सुरू होणार म्हणून सगळ्यांनाच घाई होती.

मागून एक हात आला आणि माझ्या हातातला फोन अलगद काढून घेतला. "भाऊ," साहेब फोनमध्ये म्हणाले, "झालं का होऊन राह्यलं?"

"होऊन राह्यलं, साहेब. दोन मिनिटं लागतीन."

"गजानन, मांगं हो," साहेब म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. आम्ही तिघंही त्या चिखलात थांबलो. थोड्या वेळाने फोनमधून आवाज आला, "झालं, साहेब." मग तार जमिनीला जोडली, गजाननभाऊ चढले, फांदी काढली, उतरले, आणि बिडी मागायला लागले. मी मात्र जीपमध्ये बसेपर्यंत वळून वळून त्या खांबाकडे बघत होते. रीत होती म्हणून तार जोडतानाच कळलं असतं, असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते मला मुळीच पटत नव्हतं.

साहेबांनी गजाननभाऊंसमोर मला एक अक्षर विचारलं नाही. भाऊ आपल्या घरी उतरल्यावर मात्र साहेबांनी जीप रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली. "बेटा, त्याची चूक नाही. त्यानं खरं सांगितलं. तुहीबी चूक नाही. तू खरं ऐकलं. पन तुह्या मराठीत राह्यला म्हनजे करून बसला, अन् आमच्या मराठीत अजून करतेच आहे. ह्या दोन मराठीच्या मधात मानूस मरू शकते." मग त्यांनी समोरच्या काचेवरची वाफ रुमालाने पुसली. "मी काय लोकाइची गंमत करतो वाटते तुले? तुह्या अगुदरबी बाहेरचे पोरं आले इथं. पहिल्या दिवसापासून इचारतो मी. कानाले सवय लागली पाह्यजे."

तेव्हा मला तो अर्धा पेढा कळला, आणि अर्धवट उठून बसणंही कळलं. आम्हा नव्या, बाहेरच्या पोरांच्या कानांसाठी हा माणूस वर्षानुवर्षं ऑफिसात स्वतःचं हसं करून घेत होता. आम्ही मात्र त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायचो. सुधीर तर हुबेहूब करायचा.

त्यानंतर काही महिन्यांनी मी फोनवर एका कंत्राटदाराशी भांडत होते. "अहो, तुमाले कधीची सांगून राह्यली ना मी!" असं माझ्या तोंडून सटकन गेलं. केबिनच्या आतून साहेबांचा आवाज आला, "सुधीर, चहा सांग. पाटील मॅडम रुजू झाली." बदलीचा अर्ज मी नंतर केलाच नाही.

पण बदल्या अर्जाची वाट बघत नाहीत. सुधीर वरूडला गेला, मी लातूरला, मग नाशिकला. आमच्या आधीचे असेच गेले होते, आमच्या नंतरचेही गेले. साहेब दर वेळी फाटकापर्यंत यायचे, गाडी वळेपर्यंत उभे राहायचे आणि परत जाऊन नव्या पोराला विचारायचे, रुजू झाला का होऊन राह्यला. त्यांच्या निवृत्तीच्या थोडं आधी कंपनीने मोठ्या हॉटेलात कार्यशाळा घेतली. ज्येष्ठांनी नव्या लोकांना कसं घडवावं, असा विषय. आम्ही सगळे वेगवेगळ्या गावांहून आलो होतो. टाय लावलेल्या एका तरुणाने पडद्यावर रंगीत बाण दाखवले आणि साहेबांनाच विचारलं, "सर, मेंटॉर म्हणजे काय, हे तुम्हाला समजलं का?" साहेब उभे राहिले. "समजून राह्यलं," म्हणाले. "समजलं नाही अजून." आम्ही मागच्या रांगेत पोट धरून हसलो. त्या तरुणाला वाटलं, आपलं चाललंय ते बरं चाललंय.

निवृत्तीनंतर ते अकोल्याला आपल्या गावी राहायला गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, त्याआधीच वारल्या होत्या, एकुलती मुलगी लग्न होऊन हैदराबादला. आम्ही सुरुवातीला फोन करायचो. मग ईदला. मग आठवण झाली तर. प्रत्येकाचं एकच, "येऊन राह्यलो साहेब, या महिन्यात नक्की." ते हसून विचारायचे, "आला का येऊन राह्यला?" आम्हीही हसायचो. गंमत म्हणजे तो प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला होता की आता तो आम्हाला ऐकू येत नव्हता.

दरम्यान मी मोठी साहेब झाले. केबिन आलं, गाडी आली, आणि माझं मत विचारणारी माणसंही संपली. सगळे आदेश मागायला यायचे. आपण बरोबर करतोय का, हे विचारावं असं वर कुणी नव्हतं, आणि खाली विचारण्याची सोय नव्हती. एका दुपारी मी उगाच साहेबांना फोन लावला आणि एका तांत्रिक गोष्टीचा प्रश्न विचारला. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे तुले माहीत आहे," ते म्हणाले.

"हो, सर."

"मंग?"

"मंग काही नाही."

त्यांच्याकडचा पंखा करकरत होता, तेवढा फोनमध्ये ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "बेटा, शिकवनाऱ्याचं एक बरं असते. ज्याले समजत नाही तो फोन करते. ज्याले समजलं तो करत नाही. तुमा लोकाइचे फोन बंद झाले तवाच मी समजलो, शिकले पोट्टे." ते हे आनंदाने सांगत होते. निदान मी तसं समजून घेतलं, कारण दुसरं काही समजून घेणं मला झेपलं नसतं.

पुढे माझी बदली पुन्हा अमरावतीला झाली आणि एका रविवारी मी अकोल्याला त्यांच्या घरी गेले. गल्लीतलं छोटं घर, दारात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीवर ते बसायचे. दुसरी पावसा-उन्हाने पांढरी पडली होती, पण तिची बैठक कुणीच न बसल्यासारखी कोरी होती. आम्ही चहा घेत असतानाच गल्लीतली वीज गेली. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी वीज ऑफिसची मुलं आली, तसे साहेब चप्पल घालून निघाले. मी मागोमाग. ते त्यांच्यातल्या लाईनमनच्या मागे, थोडं अंतर ठेवून, हात पाठीशी बांधून उभे राहिले. तिथल्या नव्या अभियंत्याने वळून पाहिलं. "काका, बाजूला व्हा. इथे उभं राहायचं नाही."

मी तोंड उघडणार तोच साहेबांनी माझं मनगट धरलं. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले. "साइटवर बाहेरचा मानूस नको. पहिले मीच सांगत जाओ." ते बाजूला झाले. वीज येईपर्यंत पानटपरीच्या सावलीत उभे राहिले आणि वीज आल्यावर त्या पोराने फोनवर कुणाला काय विचारलं, ते कान देऊन ऐकत होते. घरी परतताना एवढंच म्हणाले, "पोट्टा चांगला आहे. इचारलं त्यानं." निघताना मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुन्हा येते, सर." त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. नुसती मान हलवली. पुढचा महिना आला आणि गेला. त्याच्या पुढचाही.

यंदाच्या मार्चमध्ये, बैठक चालू असताना त्यांच्या नंबरवरून फोन आला. बोलत होत्या त्यांच्या शेजारच्या फरीदाबी; त्या रविवारी त्यांची माझी ओळख झाली होती. साहेबांच्या घराची किल्ली त्यांच्याकडेच असायची. "बेटी," त्या म्हणाल्या, "डाक्टरनं घरी आनाले सांगितलं. जमीलभाई जाऊन राह्यले."

खोलीत बारा माणसं माझ्याकडे बघत होती. मी उभी राहिले आणि त्या सगळ्यांसमोर विचारलं, "फरीदाबी, गेले का जाऊन राह्यले?"

"जाऊन राह्यले बेटी. अजून आहेत. ये."

आयुष्यात ते क्रियापद मला इतकं मोलाचं कधी वाटलं नव्हतं. अमरावती ते अकोला या रस्त्यावर मी कामानिमित्त कितीदा तरी गेले असेन, पण त्या दिवशी बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूर मागे पडलं आणि मी फक्त 'राह्यले, राह्यले' एवढंच म्हणत होते. माझ्या कऱ्हाडी कानाला राहणं म्हणजे थांबणं. थांबा, सर, थांबा.

ते थांबले होते. खिडकीपाशी पलंगावर, अगदी चिंचोळे झालेले. फरीदाबी पायाशी बसून हलक्या आवाजात कुराणातलं यासीन म्हणत होत्या. मी वाकून म्हणाले, "सर." डोळे उघडले. ओठ हलले, पण आवाज नव्हता. मला तो लागलाही नाही.

"आले, सर," मी म्हणाले. "येऊन नाही राह्यले. आले."

त्यांच्या कपाळावरच्या सुरकुत्या थोड्या वर गेल्या, चष्मा वर सरकवताना जायच्या तशा. मग डोळे मिटले. पुढे बसायला जागा नव्हती म्हणून मी उशाच्या मागे, भिंतीला टेकून बसले. दुपारची अजान झाली, त्यानंतर थोड्याच वेळात ते गेले. मी पुढे आले नाही. मागेच बसून राहिले.

मुलगी हैदराबादहून निघाली होती. ती पोचल्यावर संध्याकाळी नेणार, असं ठरलं. फरीदाबींनी साहेबांचा फोन माझ्या हातात दिला. "त्यांच्या लोकाइले सांग बेटी. मी तं दुसऱ्या कोनाले ओळखत नाही." मी बाहेर त्या पांढऱ्या पडलेल्या खुर्चीत बसले. मी, सुधीर, आमच्या आधीचे, आमच्या नंतरचे, सगळे त्या फोनमध्ये पहिल्या बदलीच्या गावासकट होतो. सुधीर तर नागपूरला मोठा अधिकारी झाला, तरी इथे तो 'सुधीर वरूड'च होता.

त्याने फोन पहिल्याच घंटीला उचलला. साहेबांचंच नाव दिसलं असणार त्याला. "साहेब! नमस्कार! येऊनच राह्यलो होतो मी..."

"सुधीर, मी बोलतेय," मी म्हणाले. "साहेब गेले."

मग त्याचा घोगरा आवाज आला, "येऊन राह्यलो. बाई, मी येऊन राह्यलो. निघूनच राह्यलो."

गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी चष्मा लावत नाही, तरी माझा हात कपाळाकडे गेला.

"सुधीर," मी विचारलं, "निघाला का निघून राह्यला?"

पलीकडे तो लहान मुलासारखा रडायला लागला. मी फोन धरून राहिले. रडण्यातच खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, मग जिना उतरणारी पावलं, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज.

"निघालो," तो म्हणाला.